‘यून शांब्र प्रोप्र’: ल्योंमधल्या एका खोलीचं प्रकरण

पुण्यातली एक विद्यार्थिनी. माझ्याकडे फ्रेंच शिकली, बी-वन परीक्षा चांगल्या गुणांनी पास झाली आणि ल्यों शहरात तिला मास्टर्ससाठी प्रवेश मिळाला. अभ्यासक्रम इंग्रजीत असल्याने फ्रेंचवाचून अडणार नव्हतं. पण वसतिगृहात जागा मिळेना, म्हणून एका फ्रेंच घरात भाड्याने राहायचं ठरलं. घरमालकीणबाई निवृत्त, शहराच्या क्र्वा-रूस भागात राहणाऱ्या, इंग्रजी जवळजवळ न बोलणाऱ्या. त्यामुळे सगळा व्यवहार फ्रेंचमधून, ईमेलवर. पहिली मेल मुलीने कुणालाही न दाखवता स्वतः लिहिली. उत्तर आलं ते मोजक्या ओळींचं आणि जरा गारच. ते तिने मला व्हॉट्सॲपवर पाठवलं आणि खाली विचारलं, ‘मॅडम, मी स्वतंत्र खोली मागितली. या एकदम स्वच्छतेवर का घसरल्या?’

तिच्या परवानगीने ते सगळं प्रकरण इथे मांडते आहे. फ्रेंच विशेषण नामाच्या आधी येतं की नंतर, हा प्रश्न वर्गात अर्ध्या तासात उरकला जातो. या एका मेलमध्ये त्याच्या इतक्या छटा निघाल्या की मला तो धडा नव्याने बांधावा लागला.

मेल आणि तिचं उत्तर

मेल ‘शेर मादाम’ने सुरू होत होती, तिथपर्यंत सगळं ठीक. पुढची पाच वाक्यं महत्त्वाची. मुलीला काय म्हणायचं होतं ते आधी सांगते आणि तिच्या फ्रेंचमधून काय पोचलं ते नंतर.

‘मला स्वतःची वेगळी खोली हवी आहे’ असं म्हणायला तिने लिहिलं ‘यून शांब्र प्रोप्र’. बाईंनी वाचलं: मला स्वच्छ खोली हवी आहे.

‘आमचं जुनं घर साताऱ्यात होतं, आता आम्ही पुण्यात राहतो’ यासाठी ‘नोत्र मेझों आंसिएन’. बाईंनी वाचलं: आमचं ऐतिहासिक घर साताऱ्यात होतं.

‘गेल्या आठवड्यात व्हिसा मिळाला’ यासाठी ‘ला देर्निएर स्मेन’. बाईंनी वाचलं: शेवटच्या आठवड्यात व्हिसा मिळाला. कशाच्या शेवटच्या, ते वाक्यात कुठेच नव्हतं.

‘महाग खोली मला परवडणार नाही’ यासाठी ‘यून शेर शांब्र’. म्हणजे जवळपास ‘लाडकी खोली मला परवडणार नाही’.

आणि ‘मी साधी मुलगी आहे’ यासाठी ‘यून सँप्ल फीय’. याचा अर्थ झाला, मी काय, एक यःकश्चित मुलगी.

बाईंचं उत्तर असं होतं: ‘तूत नो शांब्र सों प्रोप्र, मादमुआझेल.’ आमच्याकडच्या सगळ्याच खोल्या स्वच्छ असतात, बाईसाहेब. पुढच्या वाक्यात, व्हिसा नक्की कधी मिळाला ते कळवावं. आणि शेवटी, इथे मात्र सूर थोडा सैल झाला होता, तुमचं साताऱ्याचं घर कोणत्या शतकातलं? आम्हाला जुन्या वास्तूंची आवड आहे.

साताऱ्याचं घर म्हणजे ऐंशीच्या दशकात बांधलेलं दोन खोल्यांचं पत्र्याचं घर. ते विकून हे लोक कोथरूडला फ्लॅटमध्ये आले.

पाच चुका, पण दोन मुळं

लाल पेन घेऊन ही पाचही वाक्यं दुरुस्त करायला दहा मिनिटं पुरली असती. मी तसं केलं नाही, कारण या चुका एका दिशेच्या नव्हत्या. तीन ठिकाणी तिने विशेषण नामाच्या आधी ठेवलं होतं आणि ते नंतर हवं होतं (शेर, सँप्ल, देर्निएर). दोन ठिकाणी नंतर ठेवलं होतं आणि आधी हवं होतं (प्रोप्र, आंसिएन). नुसती मराठीची सवय नडली असती तर सगळी विशेषणं आधी आली असती. आपल्याकडे ‘लाल गाडी’, ‘गोल टेबल’, ‘फुटका कप’. विशेषण आधी, नाम नंतर, विचार करावाच लागत नाही. म्हणजे इथे सवय आणि नियम दोघांनी मिळून घोळ घातला होता.

नियम कोणता, ते विचारल्यावर तिने लगेच म्हणून दाखवला. ‘फ्रेंचमध्ये विशेषण नामानंतर येतं. अपवाद बॅग्स: ब्यूटी, एज, गुडनेस, साइज.’ हे इंग्रजी पाठ्यपुस्तकांतून आलेलं सूत्र महाराष्ट्रातल्या जवळजवळ प्रत्येक फ्रेंच शिकणाऱ्याला पाठ असतं. अकरावी-बारावीला मार्क पडतात म्हणून फ्रेंच घेणाऱ्यांना तर तेवढंच पाठ असतं. सूत्र खोटं नाही. बो, जोली, जन, व्ह्यू, बों, मोव्हे, ग्रां, पती (सुंदर, गोंडस, तरुण, जुना, चांगला, वाईट, मोठा, लहान) ही रोजच्या वापरातली छोटी विशेषणं खरंच नामाच्या आधी येतात. रंग, घाट (गोल, चौकोनी), देश, धर्म दाखवणारी विशेषणं नंतर येतात. क्रियापदापासून बनलेलीही नंतर: फुटका पेला म्हणजे ‘व्हेर कासे’. आणि ‘आर्थिक संकट’मधल्या ‘आर्थिक’सारखी, नामावरून घडवलेली विशेषणंही नंतरच, त्यांना आधी जायला बंदी आहे. इथपर्यंत सूत्र चालतं.

ते कोलमडतं ते त्याच विशेषणांपाशी जी दोन्ही जागी बसू शकतात आणि जागेनुसार अर्थ बदलतात. सूत्र जागा सांगतं, कारण सांगत नाही. मुलीचा तर्क बघा. ‘प्रोप्र’ हे ना सौंदर्य, ना वय, ना चांगुलपणा, ना आकार, म्हणून नामानंतर. तर्कात खोट नाही आणि उत्तर चुकलेलं.

‘आंसिएन’चा तर्क अजून बघण्यासारखा आहे. हे विशेषण आधी असेल तर ‘माजी’ आणि नंतर असेल तर ‘पुरातन’, हे तिला माहीत होतं, वहीत लिहिलेलंही होतं. मग चुकली कशी? ती म्हणाली, ‘मॅडम, घर माजी कसं असेल? माजी आमदार असतो, माजी विद्यार्थी असतो.’ बरोबर आहे. मराठीत ‘माजी’ माणसांसाठी, आणि तेही पदावरच्या किंवा संस्थेतल्या. घराला आपण ‘जुनं’ म्हणतो. ‘माझं जुनं ऑफिस’ म्हणजे मी सोडलेलं ऑफिस, मग ती इमारत काल बांधलेली का असेना. आपलं ‘जुनं’ वय आणि सोडलेपण दोन्ही पेलतं, आणि कुठला अर्थ घ्यायचा ते संदर्भावर सोडतं. फ्रेंच ते जागेवर सोडते. ‘नोत्र आंसिएन मेझों’, आमचं पूर्वीचं घर. ‘नोत्र मेझों आंसिएन’, आमचं शतकापूर्वीचं घर. फर्स्ट इयरला इतिहास घेतलेल्यांनी ‘आंसियँ रेजिम’ (‘आंसियँ’ हे ‘आंसिएन’चंच पुल्लिंगी रूप) वाचलेलं असतं आणि बहुतेकांनी ते ‘प्राचीन राजवट’ असं मनात धरलेलं असतं. विशेषण आधी आहे, म्हणजे अर्थ ‘पूर्वीची राजवट’: 1789च्या क्रांतीने जी संपवली ती.

‘शेर शांब्र’चं मूळ मला मेलच्या पहिल्याच ओळीत सापडलं. ‘शेर मादाम’ लिहून झाल्यावर हाताला ‘शेर’ आधी लिहायची सवय लागलेली होती, आणि मराठीतली ‘महाग खोली’ही तोच क्रम सुचवत होती. आधीचं ‘शेर’ म्हणजे प्रिय, नंतरचं म्हणजे महाग. फ्रेंच माणूस इथे गोंधळत नाही, हसतो.

किराणा मालाची यादी

मग तिला कसं समजवायचं? मी व्याकरणाचं पुस्तक बाजूला ठेवलं आणि तिला किराणा दुकानाची यादी लिहायला सांगितली. तिने लिहिलं: तांदूळ जुना, मिरची सुकी, गूळ सेंद्रिय, खोबरं किसलेलं. मी म्हटलं, बोलताना तू ‘सुकी मिरची’ म्हणतेस, मग यादीत ‘मिरची सुकी’ का? तिने थोडा विचार केला. ‘कारण आधी मिरची, मग कुठली ते.’

नामानंतरची फ्रेंच जागा हेच काम करते. आधी वस्तू, मग त्या वस्तूंतली कुठली. भेळवाला विचारतो ‘ओली की सुकी’, तेव्हा तो भेळेच्या जाती वेगळ्या करत असतो. ‘व्हँ रूज’ म्हणजे वाइन, त्यातली लाल. ‘लिव्र शेर’ म्हणजे पुस्तक, त्यांतलं महाग. नंतरचं विशेषण निवड करतं, गट पाडतं, आणि म्हणून ते वस्तुनिष्ठ असतं: मिरची सुकी आहे की नाही यावर दोन माणसांचं दुमत होत नाही.

नामाच्या आधीचं विशेषण निवड करत नाही. ते नामाला चिकटतं आणि त्याच्या अर्थात मिसळून जातं, किंवा बोलणाऱ्याचा भाव सांगतं. ‘पोव्र ऑम’ म्हणजे बिचारा माणूस. त्याच्या खिशात किती आहेत याच्याशी संबंध नाही. ‘ऑम पोव्र’ म्हणजे ज्याच्याकडे पैसे नाहीत तो. ‘आंसियँ एलेव्ह’मध्ये ‘आंसियँ’ विद्यार्थ्याचं वर्णन करतच नाही, ते त्याच्या विद्यार्थी असण्याचं वर्णन करतं: ते असणं संपलं. ‘मा प्रोप्र शांब्र’मध्ये ‘प्रोप्र’ खोलीबद्दल काही सांगत नाही, ते ‘मा’ला, ‘माझी’ला जोर देतं. म्हणूनच त्याच्याआधी ‘माझा, तुझा, त्याचा’ असं काहीतरी लागतं. नुसतं ‘यून प्रोप्र शांब्र’ म्हटलं तर ते फ्रेंचच राहत नाही. इथे मुलीने मला अडवलं, ‘म्हणजे मी नुसती जागा बदलली असती तरी चुकलंच असतं?’ हो, चुकलंच असतं. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं म्हणताना फ्रेंच माणूस ‘द मे प्रोप्र झ्यू’ म्हणतो. उलटं केलं तर डोळे धुऊन पाहिल्यासारखं होईल.

एक कसोटी इथे उपयोगी पडते. विशेषण ‘आहे’च्या, म्हणजे ‘एत्र’ या क्रियापदाच्या, पलीकडे नेऊन बघायचं. ‘ला शांब्र ए प्रोप्र’ म्हटलं की अर्थ एकच उरतो: खोली स्वच्छ आहे. ‘स्वतःची’ हा अर्थ तिथे टिकतच नाही. ‘एलेव्ह’ ‘आंसियँ’ आहे असं म्हणून तो माजी होत नाही. जो अर्थ ‘आहे’नंतर टिकतो तो नामानंतरच्या जागेचा, जो टिकत नाही तो आधीच्या जागेचा. बाईंच्या उत्तरातलं ‘सों प्रोप्र’ याच कसोटीतून गेलेलं होतं. त्यांनी मुलीचा शब्द उचलला, ‘आहेत’ला जोडला, आणि त्याचा अर्थ कायमचा पक्का करून टाकला. ही कसोटी ‘पती’, ‘ग्रां’, ‘बो’ या सूत्रातल्या छोट्या विशेषणांना लावू नये. तिथे ती फसते. घर लहान ‘आहे’ म्हणता येतं आणि तरी ‘पती’ आधीच बसतं. ती विशेषणं वापराने गुळगुळीत झाली आहेत, त्यांचा हिशेब वेगळा.

कानाला काय ऐकू येतं

आधीचं विशेषण नामाला चिकटतं असं मी म्हटलं, ते नुसतं बोलायचं म्हणून नाही. ते ऐकू येतं. ‘ग्रां’ या शब्दातला शेवटचा ‘द’ एरवी मुका असतो. पण ‘थोर माणूस’ म्हणताना तो ‘त’ होऊन जागा होतो आणि पुढच्या स्वरावर जाऊन बसतो: ‘ग्रांतॉम’. दोन शब्दांचा एक होतो. ‘ऑम ग्रां’, म्हणजे उंच माणूस, यात असं काही घडत नाही. शब्द सुटे राहतात. ‘बो’, ‘व्ह्यू’, ‘नूव्हो’ (नवा) ही विशेषणं तर पुढे स्वर आला की रूपच बदलतात: ‘बेल ऑम’, ‘व्ह्येय आमी’, ‘नूव्हेल आं’. आणि स्त्रीलिंगी ‘मा’ सुद्धा ‘आंसिएन’ आधी आलं की ‘मॉन’ होतं: ‘मॉन आंसिएन मेझों’. आधीच्या जागेवर एवढी सगळी जुळवाजुळव चालते, नंतरच्या जागेवर जवळजवळ काहीच नाही.

दुसरी गोष्ट आघाताची. फ्रेंचमध्ये जोर शब्दागणिक नसतो, शब्दगटाच्या शेवटी पडतो. ‘यून शांब्र प्रोप्र’ म्हटलं की सगळं वजन ‘प्रोप्र’वर येतं. म्हणजे बाईंनी नुसतं ‘स्वच्छ खोली’ वाचलं नाही. मनातल्या मनात ते ‘खोली, स्वच्छ हं!’ असं वाजलं असणार. त्यांचा गार सूर मला तिथून आल्यासारखा वाटतो. ‘मा प्रोप्र शांब्र’ म्हटलं असतं तर वजन खोलीवर पडलं असतं.

हे सगळं फ्रेंच लोकांना तरी नियम म्हणून कधी सापडलं का? फ्रेंच अकादमीचा सुरुवातीचा सदस्य व्होझला याने 1647मध्ये भाषेवरच्या आपल्या टिपणांत नेमका हा प्रश्न घेतला: विशेषण आधी की नंतर? बरीच शोधाशोध करून त्याचा निष्कर्ष असा की पक्का नियम काही बांधता येत नाही, कानाला विचारावं. हे वर्गात सांगितलं की मुलं खूश होतात आणि मी चिडते, कारण ज्यांचा कान फ्रेंचमध्ये तयार झालेला नाही त्यांना हा सल्ला कुचकामी आहे. त्यांच्यासाठी कान तयार करायची सोय लागते, आणि ती या प्रकरणात आयती मिळाली: ल्यों शहर.

मेट्रोच्या नकाशावर

मुलीला राहायचं होतं तिथलाच नकाशा आम्ही उघडला. मेट्रोच्या डी मार्गिकेवर ‘व्ह्यू ल्यों’ हे स्टेशन आहे, जुनं ल्यों. ‘व्ह्यू’ आधी. त्याला लागून ‘बेलकूर’, म्हणजे ‘बेल कूर’, सुंदर आवार; ‘बेल’ आधी. तीच गाडी पूर्वेकडे जात राहिली की ‘ग्रांज ब्लांश’ लागतं, पांढरं कोठार. रंग, म्हणून नंतर. घरमालकीणबाईंचा भाग ‘क्र्वा-रूस’, म्हणजे तांबूस क्रूस, इथल्या पिवळट-तांबूस दगडाच्या एका क्रूसावरून. रंग पुन्हा नंतर. आणि त्याच भागाच्या कडेला एक प्रचंड दगड मांडून ठेवलाय, ‘ग्रो कायू’, मोठा धोंडा. हिमनदीने आल्प्समधून वाहून आणलेला आणि एकोणिसाव्या शतकात रेल्वेचा बोगदा खणताना सापडलेला. आकार, म्हणून आधी. तिथून हवा स्वच्छ असेल तर दूरवर ‘मों ब्लां’ दिसतो, पांढरा डोंगर. रंग नंतर. बॅग्सचा सगळा धडा एका तिकिटात होतो, आणि सूत्रापेक्षा तो जास्त लक्षात राहतो, कारण यातलं प्रत्येक नाव तोंडात बसतं.

ल्योंच्या आसपास याहून गंमतीची एक जोडी आहे. शहराच्या पश्चिमेला लागून ‘फ्रांशव्हिल’ नावाचं गाव, आणि उत्तरेला सुमारे तीस किलोमीटरवर ‘व्हिलफ्रांश’. दोन्हींचा अर्थ एकच: काही कर माफ असलेलं, मोकळीक मिळालेलं गाव. एकात विशेषण आधी, दुसऱ्यात नंतर. जुन्या फ्रेंचमध्ये विशेषणं आजच्यापेक्षा पुष्कळ जास्त वेळा नामाच्या आधी यायची, अगदी रंगसुद्धा. उत्तर फ्रान्समध्ये ही सवय जास्त घट्ट होती, आणि त्यामागे तिथे येऊन राज्य करणाऱ्या फ्रँक लोकांच्या जर्मानिक बोलीचा प्रभाव मानला जातो. म्हणून नकाशावर उत्तरेकडे ‘न्यव्हिल’, ‘न्यशातो’ दाट दिसतात आणि दक्षिणेकडे ‘व्हिलन्यव्ह’, ‘शातोन्यफ’: तेच ‘नवं गाव’, तोच ‘नवा किल्ला’, क्रम उलटा. सरसकट नाही, पण कल स्पष्ट दिसतो. ल्यों दोन्हींच्या मध्ये पडतं आणि दोन्ही जवळ बाळगून आहे. (आपल्याकडे नवापूर असतं, ‘पूरनवं’ नसतं. त्या बाबतीत मराठी मुलुख कंटाळवाणा आहे.)

व्हिलफ्रांश ही बोजोले या वाइनच्या मुलुखाची राजधानी. दर नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी तिथली ताजी वाइन बाजारात येते, ‘बोजोले नूव्हो’. ‘नूव्हो’ तर सूत्रातल्या ‘एज’मध्ये बसतं, मग नंतर कसं? कारण इथे ते वाइनची जात सांगतं: यंदाच्या पिकाची. ‘नूव्हो व्हँ’ म्हटलं तर अर्थ होईल, आणखी एक वेगळी वाइन, आधीची सोडून. आणि नवी कोरी गाडी म्हणायची तर ‘नूव्हो’ चालतच नाही, ‘न्यव्ह’ लागतं, आणि तेही नंतर. मुलीच्या वहीत ‘नूव्हो’समोर नुसतं ‘नवा’ लिहिलेलं होतं. तो शब्द तिने खोडला नाही, शेजारी बाण काढून ‘दुसरा’ असं लिहिलं. मला ते जास्त आवडलं.

पॅरिसमध्ये पाँतेओंच्या कपाळावर कोरलेली एक ओळ मी जवळजवळ प्रत्येक तुकडीला दाखवते: ‘ओ ग्रां झॉम, ला पात्री रेकोनेसांत’. थोर पुरुषांना, कृतज्ञ मातृभूमीकडून. 1791मध्ये नव्या राज्यव्यवस्थेने एका चर्चचं रूपांतर थोरांच्या समाधिस्थळात केलं, तिथलं हे वाक्य. एकाच ओळीत दोन विशेषणं. ‘ग्रां’ आधी, म्हणजे थोर. नंतर असतं तर ते उंच लोकांचं स्मशान झालं असतं. ‘रेकोनेसांत’ लांबलचक, क्रियापदावरून आलेलं, म्हणून नंतर, आणि ओळीचा सगळा भार त्याच्यावर. द गोल सव्वासहा फुटांहून उंच होता, त्याला दोन्ही ‘ग्रां’ लागू पडत, हा विनोद वर्गात नेहमी कुणीतरी करतंच. त्यापुढची गोष्ट मात्र विनोदाची नाही. ‘ग्रांद फाम’ म्हटलं तर तो ‘थोर स्त्री’ असा सहज वाचला जात नाही, बहुधा ‘उंच बाई’ असाच वाचला जातो. स्वतःच्या कर्तृत्वावर पाँतेओंमध्ये जागा मिळालेली पहिली स्त्री मारी क्यूरी, आणि ते साल 1995. भाषेने जागा राखून ठेवली ती कुणासाठी, हे ‘ग्रां’च्या जागेवरून कळतं.

दुसरी मेल

दुसरी मेलसुद्धा मुलीनेच लिहिली. मी फक्त प्रश्न विचारत गेले.

पहिल्या वाक्यात तिने ‘मा प्रोप्र शांब्र’ लिहिलं. बरोबर होतं. पण घर शोधताना फ्रेंच लोक सहसा ‘शांब्र अँदिव्हिद्युएल’ म्हणतात, एकट्यासाठीची खोली, ते मी सुचवलं. तिने दोन्ही ठेवलं, स्वच्छतेच्या गैरसमजाबद्दल एका ओळीत माफी मागितली आणि कारणही सांगितलं. ‘आंसिएन’ आधी आलं आणि घराचं खरं वयही आलं. ‘ला स्मेन देर्निएर’ झालं. इथे एक सोपी खूण मी तिला दिली. मराठीत ‘गेला’ आणि ‘शेवटचा’ हे दोन शब्द आहेत. फ्रेंचमध्ये एकच शब्द आणि दोन जागा. आजच्या संदर्भाने मोजलेला आठवडा, महिना, वर्ष असेल तर ‘देर्निए’ आणि ‘प्रोशँ’ नंतर येतात, आणि रांगेतला शेवटचा किंवा पुढचा म्हणायचं असेल तर आधी. ‘प्रोशँ त्रँ’ म्हणजे पुढची गाडी, ‘म्वा प्रोशँ’ म्हणजे येता महिना.

महाग खोलीचं वाक्य तिने ‘यून शांब्र शेर’ असं सुधारलं. व्याकरण निर्दोष. तरी भाडं जास्त म्हणताना फ्रेंचमध्ये ‘लुआये एल्व्हे’, चढं भाडं, जास्त सहज वाटतं, म्हणून ते घेतलं.

राहिली साधी मुलगी. ‘फीय सँप्ल’ चाललं असतं, पण त्यात भोळसटपणाची एक छटा येऊ शकते. फ्रेंच माणूस इथे एक पळवाट काढतो: ‘केल्कँ द सँप्ल’, कुणीतरी, साधं असं. मध्ये ‘द’ घातला की आधी-नंतरचा प्रश्नच उरत नाही. मुलगी म्हणाली, ‘हे आधी का नाही शिकवलंत?’ कारण अभ्यासक्रमात ते बरंच नंतर येतं, आणि मला वाटतं ते चूक आहे. बोलताना लागणारी गोष्ट आहे ती.

अनेकवचनाचा एक छोटा मुद्दा वाटेत निघाला, तो थोडक्यात सांगते. आधी विशेषण असेल तर अनेकवचनी ‘दे’चं ‘द’ होतं: सुंदर खोल्या म्हणजे ‘द बेल शांब्र’. बोलण्यात आता पुष्कळ जण हे पाळत नाहीत. लिहिताना पाळावं.

बाईंचं दुसरं उत्तर

यावेळी उत्तर लांब आलं. स्वतंत्र खोली आहे, आणि तुमच्या ‘प्रोप्र’ने आमच्या जेवणाच्या टेबलावर बराच हशा पिकवला, असं बाईंनी लिहिलं. साताऱ्याचं घर जुन्या शतकातलं नसून तुमच्या आईच्या वयाचं आहे, हे वाचून थोडी निराशा झाली, असंही. आणि खोलीच्या खिडकीबद्दल एक वाक्य: हवा स्वच्छ असली तर ‘यून मान्यीफिक व्ह्यू’ (भव्य देखावा) मिळते, मों ब्लांपर्यंतची.

मुलीचा फोन लगेच आला. ‘मॅडम, आता त्यांचं चुकलंय. मान्यीफिक नंतर पाहिजे. की ब्यूटीमध्ये धरायचं?’

‘व्ह्यू मान्यीफिक’ हा पुस्तकी क्रम, आणि तो अर्थातच चालतो. ‘मान्यीफिक’, ‘शार्मां’, ‘एक्सलां’, ‘सुपेर्ब’ ही कौतुकाची विशेषणं दोन्हीकडे बसतात आणि त्यांचा अर्थ बदलत नाही. बदलते ती बोलणाऱ्याची भूमिका. नंतर ठेवलं की ती माहिती होते: देखावा आहे, आणि तो भव्य आहे. आधी ठेवलं की भव्यता गृहीतच धरली जाते. ज्याला ती रोज दिसते, ज्याला त्याचा अभिमान आहे, त्याच्या तोंडून ते आधी येतं. हॉटेलांची माहितीपत्रकं याच कारणाने विशेषणं नामांच्या आधी रचतात आणि काही वेळाने ते गोड गोड होऊन कानाला खुपतं. बाईंनी एकदाच केलं, आणि ते त्यांना शोभलं. त्याच वाक्यात ‘स्वच्छ हवे’साठी त्यांनी ‘तां क्लेर’ लिहिलं होतं. तिथे ‘क्लेर’ नंतर, कारण ती अट होती, कौतुक नव्हतं.

आमच्या वर्गात आता बॅग्सचं सूत्र फळ्यावर येतं ते दुसऱ्या तासाला. पहिला तास यादीचा आणि नकाशाचा. दोन्ही जागी बसणाऱ्या विशेषणांचा तक्ता मी वाटत नाही. प्रत्येकाने स्वतःच्या घराबद्दल, सामानाबद्दल, नातेवाईकांबद्दल वाक्यं लिहायची आणि शेजाऱ्याने ती चुकीच्या अर्थाने वाचून दाखवायची. मागच्या तुकडीत एकाने आपल्या घाणेरड्या सवयीच्या शेजाऱ्याबद्दल लिहायला ‘साल’ हे विशेषण वापरलं. ते नामाच्या आधी आलं तर शिवीकडे झुकतं आणि नंतर आलं तर नुसतं मळकट, अस्वच्छ. त्याने आधी ठेवलं होतं, आणि त्याला तेच म्हणायचं होतं.

मुलीला भाडेकराराचा मसुदा आला, त्यात ‘शांब्र मब्ले’ होतं: सामानासह खोली. क्रियापदापासून आलेलं विशेषण, नंतरच येणार. त्यावर तिने काही विचारलं नाही, सही करून पाठवून दिलं.